जुना ट्रॅक्टर दाखवण्याआधी स्टार्टर मारू नका

शहापूर, मुरबाड, बदलापूरकडून आमच्या ट्रॅक्टर वर्कशॉपला फोन येतो तो साधारण असा : ‘आजोबांचा ट्रॅक्टर आहे, आठ-दहा वर्षं उभाच आहे. नवी बॅटरी टाकली, पण नुसता टक् आवाज येतो. खर्च किती येईल?’ खर्च सांगायच्या आधी आम्ही एकच विचारतो. तो टक् किती वेळा काढलात?

या ट्रॅक्टरांचा सायलेन्सर बॉनेटमधून सरळ वर जातो. तोंडावर झाकण नसेल तर आपल्याकडचा पाऊस थेट आत. चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं, तरी एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) उघडा राहतोच, आणि पाणी तिथून पिस्टनवर साचतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशात जोर लावला की पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. दुसऱ्या ट्रॅक्टरला दोर बांधून ओढणं तर त्याहून वाईट. स्टार्टर निदान हार मानतो, ओढणारा ट्रॅक्टर मानत नाही.

मागे एक बी-२७५ मॉडेलचा ट्रॅक्टर आमच्या शिळफाट्याच्या वर्कशॉपला आला. बांधावर ओढून झाला होता. नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग) काढून इंजिनच्या पुढची क्रँक पुली पान्याने जरा फिरवली, तर दुसऱ्या सिलिंडरमधून तांबूस पाण्याची चिळकांडी मेस्त्रीच्या शर्टावर. रॉड वाकलेला, लायनरही (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) गेला. न ओढता आणला असता तर नोझल, फिल्टर आणि ऑइलमध्ये काम भागलं असतं.

‘आठ दिवस ठेवून घेतला आणि केलं काय, तेल ओतलं!’ ही तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. खरं आहे, तेलच ओततो. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण घालतो आणि गंजाने धरलेल्या पिस्टनच्या रिंगा सुटायची वाट बघतो. रोज पुलीला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. एका दिशेने रेटायचं नाही. तेवढ्यात टॅपेट कव्हर उघडून अडकलेले व्हॉल्व्ह बघतो, नाहीतर व्हॉल्व्ह ढकलणारे पुशरॉड वाकतात. चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा) बोल्ट हळूच सैल केला की ऑइलच्या आधी पाणी येतं का, तेही कळतं. रेडिएटर भरून रात्रभर ठेवल्यावर पुन्हा तिथे पाणी दिसलं, तर वेट लायनरच्या (ज्याला बाहेरून रेडिएटरचं पाणी लागतं) रबर रिंगा गेल्या असण्याची शक्यता. घाई केली तर हे कळतच नाही.

फ्युएल पंपाला मात्र घरी हात लावू नका. आतला रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी) फुल डिझेलवर अडकलेला असेल तर इंजिन चालू होताच पळत सुटतं, बंद करायची खिट्टी ओढूनही थांबत नाही. म्हणून पहिल्या वेळी आमचा एक माणूस हवेच्या पाइपाशी फळी घेऊन उभा असतो.

बी-२७५ म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टर, महिंद्रा आणि व्होल्टास यांनी १९६३ साली मिळून काढलेल्या कंपनीचा ट्रॅक्टर. असं इंजिन भंगारच्या भावात देण्याआधी एकदा दाखवा. तपासणीला आम्ही जागेवर येतो. काम आमच्याकडे दिलंत तर तपासणीचे पैसे बिलातून वजा. चालू होईलच अशी हमी इंजिन उघडल्याशिवाय देत नाही, आणि जो देतो त्याच्याकडून लेखी घ्या.

ट्रॅक्टर टेम्पोत घालूनच आणा. आधीच्या मेस्त्रीने काढून डब्यात ठेवलेले नटबोल्टही आणा, त्यातला एखादा बाजारात मिळत नाही. तोवर सायलेन्सरवर तेलाचा रिकामा डबा पालथा घाला.