शीत शिजवून पाहणारी लोकशाही

सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा शाळेतलं एखादं पोर बरणीत हात घालून चिठ्ठी काढतं. ती चिठ्ठी फक्त प्रवर्ग ठरवते. आयर्लंडने २०१६ साली जवळपास अशीच, चिठ्ठी काढावी तशी, सामान्य माणसं निवडली आणि त्यांच्यापुढे ठेवलं राज्यघटनेतलं सगळ्यात धगधगतं कलम.

१९८३च्या आठव्या दुरुस्तीने तिथे गर्भाचा आणि आईचा जगण्याचा हक्क समान ठरवला होता. बेळगावहून गेलेल्या दंतवैद्य सविता हलप्पनवार २०१२मध्ये गॉल्वेत जंतुसंसर्गाने दगावल्या. गर्भ वाचणार नाही हे कळूनही त्यांना गर्भपात नाकारला गेला होता. देश हादरला, तरी पुढारी त्या कलमाला हात लावायला कचरत होते.

मग नागरिक सभा भरली. ९९ नागरिक, अध्यक्षपदी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश मेरी लाफॉय. वय, लिंग, प्रदेश, सामाजिक स्तर यांचं प्रमाण लोकसंख्येशी जुळेल अशी घरोघरी फिरून केलेली निवड. मानधन नाही. पाच शनिवार-रविवार गोल टेबलांभोवती बसून त्यांनी डॉक्टरांचं, कायदेतज्ज्ञांचं, दोन्ही बाजूंच्या संघटनांचं आणि स्वतः त्यातून गेलेल्या बायकांचं ऐकलं. मग आपसात बोलले.

शितावरून भाताची परीक्षा जनमत चाचण्याही करतात. पण फोनवर मिनिटभरात मत विचारणं म्हणजे कच्चाच तांदूळ चावून बघणं. लाखो मतदारांत माझ्या एका मताने काय होणार, म्हणून बहुतेकजण प्रश्नाच्या खोलात जात नाहीत. आळस म्हणा, पण हिशेब चुकीचा नाही. ९९ जणांत मात्र मताला वजन येतं आणि समोरच्या अनोळखी माणसाला कारण सांगावं लागतं. ‘मला असंच वाटतं’ तिथे फार वेळ टिकत नाही.

गोम पुढेच आहे. मूठभर शितं शिजली, उरलेलं पातेलं कच्चंच! मग सभेचा कौल देशाचा कसा मानायचा? आयर्लंडने तो मानला नाही, लोकांपुढे नेला. एप्रिल २०१७मध्ये ६४ टक्के सदस्यांनी कारण न विचारता गर्भपाताची मुभा असावी असं म्हटलं. संसदीय समितीने ते तपासलं आणि २५ मे २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी आठवी दुरुस्ती काढून टाकायला कौल दिला. दोन्हीकडचा प्रश्न तंतोतंत एक नव्हता, तरी सभा लोकांपासून फार लांब गेली नव्हती एवढं दिसलं.

निवडीला माणसाचा हात लागतोच. २०१८च्या सुरुवातीला उघड झालं, की बदली म्हणून आलेले सात सदस्य ओळखीपाळखीतून, फोनवरच भरले होते. सभेचं गर्भपातावरचं मतदान आधीच उरकलं होतं म्हणून निभावलं. वशिला काही आपलीच मक्तेदारी नाही.

मार्च २०२४मध्ये कुटुंब आणि घरातली देखभाल या कलमांवर सार्वमत झालं. विषय दुसऱ्या एका नागरिक सभेतून आले होते, पण मतपत्रिकेवरचा मजकूर सरकारने स्वतःचा घातला. एक दुरुस्ती ६७.७ टक्क्यांनी फेटाळली गेली, दुसरी ७३.९ टक्क्यांनी.