प्रश्नानंतरचे ३ सेकंद

वर्गात प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात? अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या सुमारास प्राथमिक शाळांतल्या विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून हे चक्क मोजलं. सरासरी १ सेकंद, बऱ्याचदा त्याहूनही कमी! तेवढ्यात उत्तर आलं नाही, की शिक्षक प्रश्न पुन्हा विचारत, दुसऱ्या मुलाकडे वळत, नाहीतर स्वतःच उत्तर सांगून मोकळे होत.

रो यांनी शिक्षकांना किमान ३ सेकंद थांबायला लावलं. मग एकेका शब्दाच्या जागी लांब उत्तरं येऊ लागली. ‘माहीत नाही’ कमी झालं. मुलं कारणं देऊ लागली, आपणहून प्रश्न विचारू लागली, एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. एक नोंद मात्र बोचरी आहे. ‘हुशार’ मुलांसाठी शिक्षक सुमारे २ सेकंद थांबत, ‘कच्च्या’ मुलांसाठी जेमतेम १. ज्याला वेळ जास्त हवा, त्यालाच कमी.

थांबायची दुसरी जागा म्हणजे मुलाचं बोलून झाल्यानंतरची. मला ती पहिलीहून मोलाची वाटते. मूल श्वास घेतं, तोच ‘शाब्बास’ येऊन पडतं आणि ‘कारण...’ असं सुरू होऊ पाहणारं वाक्य ओठांतच राहतं. सारखं कौतुक होत राहिलं, की मुलं शिक्षकांचा चेहरा न्याहाळत उत्तर देतात, हेही रो यांना दिसलं होतं. (आपल्याकडचं ‘कळलं का?’ तर प्रश्नच नव्हे. वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो, तास पुढे सरकतो.)

नुसती शांतता शिक्षकांना अवघड जाते. म्हणून अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ फ्रँक लायमन यांनी १९८१मध्ये सुचवलेली पद्धत सोयीची: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी बोलणं, मग वर्गासमोर मांडणं. शेजाऱ्यालाही येत नसेल तर? कोलोरॅडो विद्यापीठात जनुकशास्त्राच्या वर्गात हे तपासलं गेलं. चर्चेनंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवायचा होता. सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर माहीत नसावं अशा गटांतही मुलं सुधारली. २००९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात हा अभ्यास आला.

अर्थात ‘ऑक्सिजनची संज्ञा काय?’ असं विचारून ताटकळत बसण्यात हशील नाही. ते आठवतं किंवा आठवत नाही. ‘बर्फ पाण्यावर का तरंगतो?’ असं विचारलं, तर मात्र थांबावं. आणि मुलाचं नाव प्रश्न विचारून झाल्यावरच घ्यावं. आधी घेतलं, तर बाकीचे सुटलो म्हणून खिडकीबाहेर बघायला मोकळे.