वर्डप्रेस डॉट कॉम की डॉट ऑर्ग: ‘हाई मन्हं शे ना?’

अमळनेरला आप्पांच्या ओसरीवर बसलो होतो. आप्पा निवृत्त शिक्षक. अहिराणी शब्द गोळा करण्यात त्यांची वीस-पंचवीस वर्षं गेली आहेत, नऊ वह्या भरल्या आहेत. त्यातल्या तीन वह्या पुतण्याच्या मदतीने त्यांनी वेबसाइटवर चढवल्या होत्या. आता त्यांना ‘अ’पासून ‘ह’पर्यंत अक्षरवार यादी हवी होती. तसं करून देणारं प्लगइन, म्हणजे वेबसाइटला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, मिळतं, असं त्यांनी एका व्हिडिओत पाहिलं होतं. मोबाइल माझ्यापुढे धरून म्हणाले, “हा पोरगा सांगतो, प्लगइनवर जा, शोधा, टाका. तो बटण दाबतो तर प्लगइन येतं. मी दाबतो तर पैसे मागतं. दोघांचं वर्डप्रेसच आहे ना, भो?”

होतं दोघांचं वर्डप्रेसच, म्हणजे वेबसाइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. पण त्या पोराचं डॉट ऑर्गवालं आणि आप्पांचं डॉट कॉमवालं. जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या शाळा, नर्सऱ्या, कृषी सेवा केंद्रं यांच्या वेबसाइटींची कामं मी करतो, आणि हा घोळ घेऊन येणारं माणूस महिन्यातून एकदा तरी भेटतंच. दोष त्यांचा नाही. एकाच नावाच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या आहेत हे पहिल्या दिवशी कोणी सांगत नाही.

आधी वर्डप्रेस करतं काय, ते पाहू. रावेरकडची एखादी केळी-रोपांची नर्सरी घ्या. वेबसाइटवर रोपांचा दर आहे, वाणांची माहिती आहे, फोटो आहेत. पूर्वी अशा वेबसाइटचं एकेक पान म्हणजे एकेक फाइल असायची. दर बदलला की ती फाइल जाणकाराने उघडायची, कोडमधला आकडा शोधून बदलायचा, पुन्हा सर्व्हरवर चढवायची. दर सात पानांवर असला तर सातदा. जाणकार लग्नाला गावी गेला की जुना दर आठवडाभर तसाच. कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिमने, म्हणजे सीएमएसने, मजकूर आणि मांडणी यांची फारकत केली. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो, रंगरूप थीममध्ये राहतं, आणि कोणी पान उघडलं की दोन्ही जोडून पान त्याच क्षणी तयार होतं. नर्सरीवाला दादा स्वतः लॉगिन करतो, आकडा बदलतो, ‘अपडेट’ दाबतो. कोडला हात लावायची गरज नाही. वर्डप्रेस ही अशीच एक सिस्टिम, आणि आजच्या घडीला जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त वेबसाइटी तिच्यावर चालतात.

आता दोन नावं कशी झाली ते. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी ‘बी-टू’ नावाच्या बंद पडत चाललेल्या सॉफ्टवेअरचा कोड पुढे नेला आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती बाहेर आली. बी-टूचा परवानाच असा होता की त्यावरून कोणीही पुढे काम करावं, आणि वर्डप्रेसही त्याच मोकळ्या परवान्याखाली राहिलं. कोणीही उतरवून घ्या, वापरा, बदला, वाटा. ते जिथून उतरवतात ती जागा म्हणजे वर्डप्रेस डॉट ऑर्ग. २००५ मध्ये मुलनवेग यांनीच ऑटोमॅटिक नावाची कंपनी काढली आणि तिने तेच सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवून लोकांना तयार वेबसाइट द्यायला सुरुवात केली. ती सेवा म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम. दोन्हीकडे माणूस तोच, सॉफ्टवेअर तेच, नाव तेच. गोंधळ न होता तरच नवल.

फरक समजावताना मी आपल्याकडचं भरीत पुढे करतो. जळगावात हिवाळ्यात भरीत खायचं तर दोन रस्ते आहेत. भरीत सेंटरवर जायचं आणि किलोच्या हिशेबाने तयार भरीत घेऊन यायचं. नाहीतर बामणोदची वांगी आणायची, वावरात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजायची, सोलायची, ठेचायची, फोडणी द्यायची. डॉट ऑर्ग तुम्हाला वांगी फुकट देतं. जाळ, भांडी, हात आणि मागचं आवरणं तुमचं. पण मिरची किती, कांद्याची पात किती, हे तुम्ही ठरवता. डॉट कॉमवर भरीत तयार मिळतं, मागे धुवायला भांडी नसतात, आणि तिखट त्यांच्या हिशेबाने असतं.

म्हणून “डॉट ऑर्ग फुकट आहे” हे वाक्य मला खटकतं. सॉफ्टवेअर फुकट आहे. ते ठेवायला होस्टिंग लागतं, म्हणजे पीएचपी (वर्डप्रेसच्या कोडची भाषा) आणि मायएसक्यूएल (त्याचा डेटाबेस) चालणारा सर्व्हर. त्याचं भाडं आहे. डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव, घ्यावं लागतं, त्याचे दरवर्षी पैसे आहेत. पहिल्या वर्षी दोन्ही स्वस्तात दाखवतात आणि दुसऱ्या वर्षी रक्कम वाढते, तेव्हा नूतनीकरणाचा दर आधीच विचारून घ्यावा. डॉट कॉमवर खरोखर एक रुपया न भरता सुरुवात होते. मात्र पत्त्यामागे ‘डॉट वर्डप्रेस डॉट कॉम’ लागतं, जागा मर्यादित मिळते, पानावर त्यांच्या जाहिराती येतात, आणि बाहेरचं प्लगइन टाकता येत नाही. आप्पांचं बटण पैसे मागत होतं ते यामुळे. पैसे भरले की प्लगइनही मिळतात, पण कोणत्या प्लॅनमध्ये काय बसतं हे ते मधूनमधून बदलतात. भरण्याआधी त्यांच्याच पानावर त्या दिवशी काय लिहिलंय ते वाचा, जुन्या व्हिडिओवर जाऊ नका.

लॉगिनचं एक वेगळं सांगतो, कारण यात लोकांचे तास वाया जातात. डॉट ऑर्गवाल्या वेबसाइटचं दार तिच्या स्वतःच्या पत्त्यावर असतं: तुमचं डोमेन, मग तिरकी रेघ, मग डब्ल्यूपी-ॲडमिन. ते नाव आणि पासवर्ड वर्डप्रेस डॉट कॉमवर टाकून पासवर्ड चुकतोय म्हणून कितीही वेळा बदललात तरी आत जाता येणार नाही, कारण तुमची वेबसाइट तिथे नाहीच. त्यात जेटपॅक नावाचं प्लगइन आहे. ते स्वतःच्या होस्टिंगवर टाकलं तरी डॉट कॉमचं खातं मागतं. म्हणजे एका माणसाकडे दोन खाती, दोन पासवर्ड, आणि दोन्हींवर वर्डप्रेस लिहिलेलं. मी ते दोन वेगळ्या शाईंनी लिहून ठेवायला सांगतो.

सांभाळण्याच्या बाबतीत मात्र मला थांबून बोलायचं आहे, कारण मी स्वतः पोळलोय. एका कृषी सेवा केंद्राची वेबसाइट मी डॉट ऑर्गवर उभी करून दिली होती. त्यात संपर्काचा फॉर्म दाखवणारं एक प्लगइन होतं. वर्डप्रेसच्या छोट्या, सुरक्षेच्या दुरुस्त्या २०१३ पासून आपोआप बसतात, त्या बसत होत्या. प्लगइन आपोआप अपडेट होण्याची सोय २०२० मध्ये आली, पण ती प्रत्येक प्लगइनसमोर जाऊन आपण चालू करावी लागते. मी ती केली नव्हती. आठेक महिन्यांनी मालकांचा फोन आला, “भाऊ, आपल्या दुकानाचं नाव शोधलं तर सट्ट्याचं पान उघडतंय.” पेरणीचे दिवस होते. बियाण्याची चौकशी करायला शेतकरी त्या पानावर येत होते आणि भलतीकडे फेकले जात होते.

होस्टिंगवर जाऊन अपलोड्सचं फोल्डर उघडलं. तिथे फक्त फोटो असायला हवेत. कपाशीच्या पाकिटांच्या फोटोंमध्ये दोन पीएचपी फाइली बसल्या होत्या. फोटोंच्या फोल्डरात कोडच्या फाइलचं काही काम नसतं, तेवढ्यावरूनच कळलं, जुन्या प्लगइनच्या फटीतून कोणीतरी आत घुसलंय. बॅकअप होता, पण त्याच सर्व्हरवर, आणि त्यातही तीच घाण. शेवटी सगळं पुसून वर्डप्रेस नव्याने बसवलं, मजकूर एकेक पान तपासत परत घातला. दोन रात्री गेल्या. तेव्हापासून बॅकअप दुसऱ्या जागी ठेवल्याशिवाय मी वेबसाइट हातात देत नाही. डॉट कॉमवर सॉफ्टवेअरची अपडेट आणि सर्व्हरची राखण तिथलेच लोक पाहतात. ज्या दुकानात किंवा शाळेत महिन्यातून एकदा डॅशबोर्ड, म्हणजे वेबसाइट सांभाळायचं आतलं पान, उघडणारंही कोणी नाही, त्यांना मी आजही डॉट कॉम घ्या असंच सांगतो. राखण करणारं माणूस नसेल तर उघड्या वावरापेक्षा ते बरं.

मग आप्पांना मी डॉट ऑर्गकडे का नेलं? मी फरक सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “हाई मन्हं शे ना?” हे माझंच आहे ना? शब्द तुमचेच, आप्पा, हक्कही तुमचा. पण जागा त्यांची, नियम त्यांचे. त्यांना अक्षरवार यादी हवी होती, शब्दाच्या अर्धवट आठवणीवरून शोध हवा होता, आणि पुढे पुतण्याला हे सगळं आपल्या हिशेबाने वाढवायचं होतं. शिवाय पुतण्या कॉम्प्युटरचा शिकलेला, दर रविवारी घरी येणारा. राखणदार होता.

एक चांगलं आहे: डॉट कॉममध्ये गेलेला माणूस अडकून पडत नाही. ‘टूल्स’मध्ये ‘एक्सपोर्ट’ आहे. दाबलं की सगळ्या पोस्टी, पानं, वर्गवारी यांची एक एक्सएमएल फाइल मिळते, आणि ती नव्या ठिकाणी ‘इम्पोर्ट’ करता येते. पण त्या फाइलीत फोटो नसतात, फोटोंचे पत्ते असतात. इम्पोर्ट करताना ‘जोडलेल्या फाइली उतरवून घ्या’ अशी चौकट असते, तिथे टिक केली तरच नवं वर्डप्रेस जुन्या वेबसाइटवर जाऊन एकेक फोटो आणतं. तेव्हा जुनी वेबसाइट चालू असावी लागते. पुतण्या उत्साहाच्या भरात जुनी आधीच बंद करायला निघाला होता. वह्यांची पानं, जात्याचे, पाभरीचे, मोटेच्या नाड्याचे फोटो त्यात होते. काही वस्तू आता घरात उरलेल्याही नाहीत. मी त्याला म्हटलं, सगळे फोटो डोळ्यांनी मोजून पाहिल्याशिवाय जुन्याला हात लावू नको.

मराठी किंवा अहिराणी लिहिणाऱ्याला दोन्हीकडे एक अडचण सारखीच येते. पोस्टचं शीर्षक देवनागरीत दिलं की पत्ताही देवनागरीत बनतो. तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब माळ दिसते. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, पत्त्यात नऊ चिन्हांची जागा खातं. ‘आठे’ म्हणजे ‘इथे’, किती छोटा शब्द! आ, ठ आणि मात्रा, झाली २७ चिन्हं. वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये पोस्टच्या पत्त्याला २०० चिन्हांची जागा आहे, म्हणजे शीर्षकाच्या बाविसाव्या चिन्हानंतर पत्ता तुटतो. म्हणून प्रकाशित करण्याआधी पत्ता रोमन लिपीत छोटा करून घ्यायचा. नंतर बदलला तर आधी पाठवलेल्या लिंकांचा भरवसा राहत नाही.

माणसांची विभागणीही दोन्हीकडे सारखीच आहे, आणि ती मला सीएमएसची सगळ्यात मोलाची देणगी वाटते. शिरपूर, साक्री, पारोळा इथून आप्पांना शब्द पाठवणारी मंडळी आहेत. त्यांना ‘काँट्रिब्युटर’ केलं. ते लिहू शकतात, पण प्रकाशित करू शकत नाहीत, फोटोही चढवू शकत नाहीत. मजकूर तपासणीसाठी थांबून राहतो. आप्पा ‘एडिटर’. उच्चार, अर्थ, कोणत्या गावी कसं म्हणतात, हे पाहून तेच ‘पब्लिश’ दाबतात. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ फक्त पुतण्या आणि मी. पासवर्ड एकच आणि तो सगळ्या गावाला माहीत, ही पद्धत कृपा करून सोडा.

आणि डोमेन. कॉम की ऑर्ग हा वाद त्यापुढे दुय्यम आहे. आपल्या भागातल्या एका शिक्षणसंस्थेची वेबसाइट ज्याने बनवली, त्याने डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. तो धंदा सोडून परगावी गेला. नूतनीकरणाची पत्रं त्याच्या ईमेलवर येत राहिली, कोणी पाहिली नाहीत. मुदत संपली, नाव सुटलं, आणि दहावीच्या निकालाच्या आठवड्यात पालकांना तिथे परकं पान दिसलं. त्या संस्थेकडे वेबसाइटच्या पैशांच्या सगळ्या पावत्या होत्या. डोमेन विकत मिळत नाही, मुदतीने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. आणि नोंदीत ज्याचं नाव, त्याचंच ऐकलं जातं.

आप्पांचं डोमेन घेताना ईमेल त्यांचा टाकला, मोबाइल नंबर त्यांचा, ओटीपी त्यांच्याच फोनवर आला. नोंदणीचं पान उघडून मालकाच्या रकान्यातलं त्यांचं नाव मी मोठं करून दाखवलं. आप्पांनी चष्मा पुसून ते दोनदा वाचलं. मग आत जाऊन पहिली वही घेऊन आले, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला नूतनीकरणाची तारीख लिहिली आणि खाली लाल शाईने रेघ ओढली.