सेल्फ नुसता टकटक करतो तेव्हा व्होल्ट जातात कुठे?

गाडी सुरू झाली नाही की आपल्याकडे निकाल ठरलेला असतो, बॅटरी गेली. सोसायटीतले चार जण जमतात, कुणीतरी बोनेट उघडतं आणि तासाभरात नवीन बॅटरी घेऊन माणूस हजर होतो. कधी ते बरोबरही निघतं, पण बऱ्याचदा नवीन बॅटरी टाकूनही काही दिवसांनी परत तेच, कारण दुखणं भलतीकडेच असतं आणि ते कुणी मोजलेलंच नसतं. माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की पार्ट बदलायच्या आधी मोजा, आणि तेही सेल्फ मारताना मोजा, गाडी गप उभी असताना मोजून फारसं काही कळत नाही.

आधी कान द्या. चावी फिरवल्यावर भराभर टक-टक-टक-टक आवाज येत असेल तर तिथे काय चाललंय ते बघण्यासारखं आहे. सेल्फच्या मोटरवर एक सोलेनॉइड बसवलेला असतो, म्हणजे तारेचं वेटोळं आणि त्यात सरकणारा लोखंडी दांडा. वेटोळ्यात करंट गेला की दांडा ओढला जातो, तो छोटं गिअर फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या जड चाकाच्या, दात्यांत ढकलतो आणि त्याच झटक्यात मोटरचे जाड कॉन्टॅक्ट जोडतो, कॉन्टॅक्ट जोडले की मोटर एकदम शे-दीडशे अँपिअर मागते, तेवढा दम नसेल तर व्होल्टेज धाडकन खाली येतं, दांडा धरून ठेवण्यापुरतंही उरत नाही, स्प्रिंग त्याला मागे फेकते, कॉन्टॅक्ट तुटतात, लोड गेला म्हणून व्होल्टेज परत वर, आणि परत दांडा ओढला जातो. हे चक्र एका सेकंदात कितीतरी वेळा होतं, तीच ती टकटक. एकच जोरदार टक येऊन शांतता झाली तर दांडा ओढला गेलाय पण मोटर फिरत नाहीये, म्हणजे कॉन्टॅक्ट जळालेत, कार्बन ब्रश झिजलेत, किंवा इंजिनच अडकलंय. काहीच आवाज नाही आला तर सोलेनॉइडपर्यंत करंटच पोचत नाही, मग रिले, फ्यूज, क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर नक्की पार्कमध्ये आहे का, हे बघायचं.

आता मुख्य गोष्ट. बॅटरीत ६ सेल, प्रत्येकी साधारण २.१ व्होल्ट, म्हणून फुल चार्ज बॅटरी १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी, ११.९ च्या खाली म्हणजे बसली. पण मीटरवर १२.६ आहेत, हेडलाईट झक्क लागतायत आणि तरी सेल्फ उचलत नाही, असंही होतं आणि लोक चक्रावतात ते इथेच. टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट पूड बघितली असेल तुम्ही. समजा तिच्यामुळे जोडाचा रेझिस्टन्स फक्त ०.०२ ओहम झाला. दोन हेडलाईट मिळून साधारण ९ अँपिअर घेतात, तेव्हा त्या जोडात ०.१८ व्होल्ट जातात, डोळ्याला फरकच दिसणार नाही. पण सेल्फने १५० अँपिअर ओढायला गेलं की त्याच जोडात ३ व्होल्ट खलास! बॅटरी आधीच लोडखाली साडेदहाच्या आसपास आलेली, त्यातून ३ गेले, मोटरला उरले साडेसात. आणि ते ३ व्होल्ट गेले कुठे तर उष्णतेत, ४५० वॉट त्या एवढ्याशा जोडात. म्हणूनच दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर टर्मिनलला जपून हात लावून बघा, एखादं चांगलंच गरम लागलं तर चोर तिथेच आहे.

मीटरने पकडायचं तर साधा मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटावरच्या क्लॅम्पवर, दोन्हीत इंचभरही अंतर नाही, आणि आत बसलेल्याला सेल्फ मारायला सांगा. चांगल्या जोडात ०.१ च्या आतच राहतं, अर्धा व्होल्ट दिसला तर जोड खराब. मग निगेटिव्ह खुंट ते इंजिनचं मोकळं लोखंड असं मोजा, इथे ०.३ च्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी तपासा, ती बिचारी इंजिनखाली चिखलात सडत असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. शेवटी दोन्ही खुंटांमध्ये सेल्फ मारताना मोजा, ९.६ च्या खाली गेलं तरच बॅटरीवर संशय घ्या, तोही ती आधी फुल चार्ज करून.

सफाई अगदी सोपी आहे, दहाच्या पान्याने आधी निगेटिव्ह काढायचा, मग पॉझिटिव्ह, गरम पाण्यात खायचा सोडा टाकून ओतायचं, फेस येतो तो ॲसिड मरतंय म्हणून, मग पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासायचं. जम्पर केबल लावून गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरीच गेली असंही समजू नका हं, केबलचा चिमटा क्लॅम्पच्या ताज्या धातूवर बसला की खराब जोड टाळून करंट थेट पुढे जातो. काळ्या केबलचं शेवटचं टोक मात्र बंद गाडीच्या बॅटरीवर लावू नये, लांब इंजिनच्या लोखंडावर लावावं, कारण बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी उडतेच.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने इलेक्ट्रिक सेल्फ आणला तो याच हिशोबावर की काम काही सेकंदांचंच आहे, म्हणून छोट्या मोटरवर झेपणार नाही एवढा भार थोडा वेळ टाकता येतो. मला हा विचार फार सुंदर वाटतो. जास्त वेळ मारला की तीच मोटर जळते.

बॅटरी खरंच बसली असेल तर ती का बसली हेही शोधा. गाडी बंद असतानाही अलार्म, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) वगैरे मिळून ५० मिलीअँपिअरपर्यंत खातात, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, छोट्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी महिनाभरात सफाचट. आणि बसलेली तशीच ठेवली तर प्लेटांवरचं लेड सल्फेट कडक होतं, मग ती चार्जही नीट घेत नाही.

इंजिन छान फिरतंय पण पेटत नाही, हे प्रकरण पूर्ण वेगळं, तिथे बॅटरीला दोष देऊ नका. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद टाकीतल्या इंधन पंपाची घूं ऐकू येते का बघा. डॅशबोर्डवर चावीचं चिन्ह लुकलुकत असेल तर इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा. हायवेवर तापलेली गाडी बंद पडून अर्ध्या तासाने आपोआप सुरू होत असेल तर क्रँक सेन्सर, आतलं वेटोळं तापल्यावर तुटतं आणि गार झाल्यावर जुळतं, सिग्नल नाही म्हणजे पिस्टन कुठे आहे ते ईसीयूला कळत नाही, मग तो स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही नाही.

आणि पावसाळ्यातलं एक मात्र जीव तोडून सांगतो. पाण्यात बंद पडलेली गाडी सेल्फ मारून बघायची नाही, कधीच नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तसा दिवसच लागतो असं नाही, एखाद्या सबवेतलं गुडघाभर पाणी पुरतं. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एकेक सिलिंडर ३०० सीसीचा, कॉम्प्रेशन १० ला १, म्हणजे आतली हवा दाबून एक दशांश जागेत बसवली जाते असं धरलं तर पिस्टन पार वर गेल्यावर वर जागा उरते जेमतेम ३३ मिली. तेवढ्याहून जास्त पाणी आत गेलं की ते दाबलं जात नाही, पिस्टन ठप्प, आणि फिरत्या इंजिनात हे झालं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेरून लक्षण काय, एकच टक आणि लाईट मंद, अगदी बसलेल्या बॅटरीसारखं, आणि म्हणूनच लोक जम्पर लावून आणखी जोर देतात. अशा वेळी गाडी उचलून गॅरेजला न्यायची, तिथे एअर फिल्टर ओला आहे का बघतात, सगळे प्लग काढतात, मगच हळूहळू इंजिन फिरवतात आणि पाणी प्लगच्या भोकांतून बाहेर उडतं.