संदर्भ विभाग नकाशातून जातो तेव्हा नक्की काय जातं?

लायब्ररीची इमारत नव्याने बांधायची ठरली की पहिल्याच ड्रॉइंगमधून संदर्भ विभागाचं वेगळं टेबल, म्हणजे वाचकाला माहिती शोधायला मदत करणारा ग्रंथपाल बसतो ते, हमखास गायब होतं, आणि मग वाद सुरू. त्यातला निम्मा घोळ तर शब्दाचाच आहे. घरी न्यायला मिळत नाहीत ते ग्रंथ म्हणजे संदर्भ, ते ठेवलेली खोलीही संदर्भ, आणि तिथला माणूस शोधायला मदत करतो तीही संदर्भ सेवाच. आर्किटेक्ट विचारतो संदर्भाला किती स्क्वेअर फूट, आपण कपाटं मोजून सांगतो, मग कपाटं गोडाऊनला गेली की सेवाही गेली असं सगळे धरून चालतात.

खरं तर १८७६ मध्ये एका अमेरिकन ग्रंथपालाने संदर्भ सेवेची कल्पना मांडली तेव्हा मुद्दा एवढाच होता की वाचकाशी बोला, त्याला मदत करा. टेबलाचं महत्त्व नंतर वाढलं, फोनवरचे दोन-दोन मिनिटांचे प्रश्न, हाताशी कोश आणि वार्षिकं वगैरे. १९९८ला गूगल आलं आणि हे प्रश्न आटत गेले, २०१२ला ब्रिटानिकाने छापील आवृत्ती बंद केली.

पण टेबल हटवण्याचा निर्णय गूगलच्याही आधीचा आहे, हे लोक विसरतात. १९९०च्या आसपास एका अमेरिकन विद्यापीठाने टेबलच काढलं: किरकोळ प्रश्नांना विद्यार्थी कर्मचारी, अवघड प्रश्नांना ग्रंथपालाची केबिन. टेबलावर येणाऱ्या प्रश्नांचे आकडे बघितले तर पटण्यासारखंच होतं. पण ते आकडे म्हणजे काय, तर कागदावर प्रत्येक प्रश्नाला एक रेघ, चार उभ्या, पाचवी आडवी, आणि त्यात 'प्रिंटर अडकलाय' ही पण एक रेघ आणि तीन तास चाललेला शोध ही पण एकच रेघ! प्रश्नाला किती कष्ट पडले ते १ ते ६ मध्ये नोंदवायची पट्टी नंतर आली, तोवर काही ठिकाणी टेबलं उचलून झाली होती.

दुसरी बाजू अशी की माणूस मनातला प्रश्न पहिल्या फटक्यात विचारतच नाही, यावर १९६८ मध्येच नीट लिहिलं गेलंय. 'जुने नकाशे आहेत का' म्हणून येतो, दहा मिनिटं बोलल्यावर कळतं की आजोबांच्या जमिनीची हद्द शोधतोय. केबिनमधल्या ग्रंथपालाला भेटायच्या अपॉइंटमेंटच्या फॉर्मवर तो 'नकाशे' एवढंच लिहील आणि त्याला नकाशेच मिळतील.

आता नवीन इमारतींत सगळ्याला मिळून एकच काउंटर असतो, उभ्याउभ्या बोलायचा, आणि बसून बोलायला शेजारी दोन छोट्या खोल्या दाखवतात. बजेट घसरलं की माझ्या पाहण्यात तरी आधी त्याच खोल्या कापल्या जातात.