बाष्प जास्त, मग दोष कार्बन डायऑक्साइडला का?

घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो इंधन असते, मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन. ते पूर्ण जळून संपेपर्यंत साधारण ४३ किलो कार्बन डायऑक्साइड आणि २२ किलो पाण्याचे बाष्प तयार होते. चौदाचे पासष्ट किलो झाले, कारण जळताना हवेतला ऑक्सिजन त्यात जोडला गेला. दोन्ही वायू एकाच बर्नरमधून निघतात आणि दोन्ही जमिनीतून वर जाणारी उष्णता अडवतात. फरक पडतो तो पुढच्या प्रवासात. बाष्प सरासरी आठ-दहा दिवसांत पाऊस किंवा दव होऊन खाली येते. कार्बन डायऑक्साइडचा काही भाग समुद्र आणि झाडे शोषून घेतात, पण शंभर वर्षांनीही त्यातला सुमारे ४० टक्के हवेतच असतो. हजार वर्षांनंतरही साधारण पाचवा हिस्सा उरलेला असतो.

एक आक्षेप वारंवार घेतला जातो: सर्वांत जास्त उष्णता तर बाष्पच अडवते, मग सगळा ठपका कार्बन डायऑक्साइडवर कशासाठी? यातला पहिला भाग अगदी खरा आहे. वातावरणाने उष्णता अडवली नसती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान उणे १८ अंश सेल्सियस असते. प्रत्यक्षात ते १५ अंशांच्या आसपास आहे. या ३३ अंशांच्या उबेत बाष्पाचा वाटा सुमारे निम्मा, ढगांचा पाव आणि कार्बन डायऑक्साइडचा पाचवा. मिथेन, ओझोन, नायट्रस ऑक्साइड वगैरे उरलेल्यात येतात. मात्र वाटा कोणाचा किती, यावरून तो वाटा कोणाच्या हाती आहे हे कळत नाही.

बाष्पाची कमाल मर्यादा तापमान ठरवते. एक घनमीटर हवेत ३० अंशांना जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांना १७ ग्रॅम, शून्याला ५ ग्रॅम आणि उणे २० अंशांना जेमतेम १ ग्रॅम. त्याहून जास्त झाले की थेंब तयार होतात. (चहाच्या किटलीतून निघणारा पांढरा लोट म्हणजे बाष्प नव्हे, ते पाण्याचे बारीक थेंब. तोटीचे टोक आणि पांढरा लोट यांच्यामध्ये जी मोकळी दिसणारी जागा असते, तिथे खरे बाष्प असते, आणि ते दिसत नाही.) म्हणून आपण हवेत कितीही बाष्प सोडले तरी ते साठून राहत नाही. कार्बन डायऑक्साइडला असा निचरा नाही. अंटार्क्टिकाच्या कडाक्याच्या थंडीतही हवेतला कार्बन डायऑक्साइड गोठून खाली पडत नाही.

नासाच्या गोडार्ड संस्थेतील अँड्र्यू लॅसिस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हे संगणकीय प्रारूपावर तपासले. त्यांनी कार्बन डायऑक्साइड आणि न गोठणारे इतर हरितगृह वायू काढून टाकले, बाष्पाला मात्र हात लावला नाही. पहिल्याच वर्षी सरासरी तापमान साडेचार अंशांहून अधिक घसरले. हवा गार झाल्यावर बाष्प पाऊस-बर्फ होऊन गळू लागले आणि त्यामुळे हवा आणखी गारठली. पन्नास वर्षांत तापमान उणे २१ अंशांवर आले आणि बाष्प मूळच्या दहाव्या हिश्श्यावर. बाष्प स्वतःच्या बळावर हवेत टिकू शकत नाही. त्याला टिकवणारी ऊब आधी दुसऱ्या कोणीतरी द्यावी लागते.

आता हेच गणित तापमानवाढीच्या दिशेने मांडू. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते. हवाईमधल्या मौना लोआ इथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये मोजणी सुरू केली, तेव्हा ते ३१५ च्या आसपास होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हे प्रमाण दुप्पट, म्हणजे ५६० झाले, की पृथ्वीच्या दर चौरस मीटरमागे सुमारे ३.७ वॅट उष्णता जास्तीची अडकते. दुसरीकडे, पृथ्वी एक अंशाने तापली की दर चौरस मीटरमागे सुमारे ३.२ वॅट उष्णता जास्त बाहेर टाकते. ३.७ ला ३.२ ने भागले की साधारण १.१६ अंश येतात. एकट्या कार्बन डायऑक्साइडची वाढ एवढीच.

हे झाले मुद्दल. व्याज बाष्प लावते. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि समुद्र ते पुरवायला तयारच असतो. बाष्प वाढल्यावर हवेच्या वरच्या थरांचे तापणेही बदलते. हे दोन्ही जमेस धरले तर प्रत्येक अंशामागे जास्तीची अडकणारी उष्णता सुमारे १.३ वॅट. त्याला वरच्या ३.२ ने भागले की मूळच्या एका अंशामागे ०.४ अंशाची भर, त्या ०.४ वर ०.१६ ची, मग ०.०६४ ची. प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा लहान होत जातो, म्हणून बेरीज १.६७ वर थांबते. ‘बाष्पामुळे तापमान वाढते, तापमानामुळे बाष्प वाढते, तर हे थांबायचे कुठे?’ या शंकेचे उत्तर या बेरजेत आहे. १.१६ अंशांचे जवळपास दोन अंश होतात. वितळणारा बर्फ आणि ढगांतले बदल धरले की दुपटीमागची वाढ ३ अंशांच्या आसपास जाते. यातला ढगांचा आकडा सर्वांत अवघड. बाष्पाचा भाग त्या मानाने पक्का आहे.

तो पक्का कशावरून, याची तपासणी निसर्गानेच करून दिली. फिलिपीन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी जून १९९१ मध्ये फुटला. त्याच्या गंधकयुक्त धुरक्याने सूर्यप्रकाश अडवला आणि पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्ध्या अंशाने खाली आले. तेव्हा उपग्रहांनी मोजलेले बाष्पही घटले, आणि जेवढे घटायला हवे होते साधारण तेवढेच. प्रारूपातून बाष्पाचा हा परिणाम वगळला, तर तापमानाची प्रत्यक्षातली घट पुरती निघत नव्हती.

दुसरा आक्षेप शंभर वर्षांहून जुना आहे. स्वीडनच्या स्वान्ते अर्‍हेनियस यांनी १८९६ मध्ये कार्बन डायऑक्साइड आणि तापमान यांचा हिशेब मांडला. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्यांचेच देशबांधव क्नुट ऑंगस्ट्रॉम यांनी प्रयोग करून सांगितले, की कार्बन डायऑक्साइड ज्या लांबीच्या अवरक्त लहरी (उष्णतेच्या न दिसणाऱ्या लहरी) शोषतो, म्हणजे १५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासच्या, त्या आधीच जवळपास पूर्ण शोषल्या जातात. त्यात भर घालून काय होणार? ही शंका वजनदार होती आणि पुढची काही दशके तिने या विषयाला थोपवून धरले. चूक कुठे होती, तर वातावरणाला एकच जाड काच समजण्यात.

वातावरण थराथरांचे आहे. प्रत्येक थर खालची उष्णता शोषतो आणि आपली उष्णता वर-खाली दोन्हीकडे फेकतो. अवकाशात निसटणारी उष्णता सरासरीने सुमारे ५ किलोमीटर उंचीवरून निघते. तिथले तापमान उणे १८ अंश. खाली येताना दर किलोमीटरला ६.५ अंश धरले, तर पाच किलोमीटरमध्ये तेच ३३ अंश मिळतात. कार्बन डायऑक्साइड वाढला की उष्णता निसटण्याची ही पातळी वर सरकते. वर हवा जास्त थंड, आणि थंड हवा उष्णता कमी फेकते. मग आलेली आणि गेलेली उष्णता पुन्हा जुळेपर्यंत खालचे सगळे थर तापत राहतात. पातळी १५० मीटर वर गेली की जमिनीवर साधारण एक अंश. खाली लहरी किती ‘पूर्ण’ शोषल्या जातात याने यात काही बिघडत नाही.

उंचीवर बाष्पाचे राज्य संपते. वातावरणातले जवळपास निम्मे बाष्प पहिल्या दीड-दोन किलोमीटरमध्येच असते. कोकण किनाऱ्यावरच्या दमट हवेत दहा लाख रेणूंमागे बाष्पाचे तीस हजारही असू शकतात. त्याच हवेत १६ किलोमीटर वर ते पाच-दहा उरतात. कार्बन डायऑक्साइड मात्र खाली आणि वर जवळपास सारखाच.

कोरड्या हवेत उष्णता कशी निसटते हे निफाडच्या द्राक्षबागांना चांगले ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि हवेत ओल नाही, अशा रात्री ८ ते १२ मायक्रॉनच्या लहरी जवळपास अडथळ्याविना अवकाशात जातात आणि पहाटेपर्यंत पारा पाच अंशांच्या खाली येऊ शकतो. त्याच रात्री मुंबईत बाष्प जास्त आणि समुद्र जवळ, म्हणून एवढी थंडी पडत नाही. बागायतदार शेकोट्या पेटवतात आणि ठिबकने पाणी सोडतात. पाण्याचा उपयोग खरा आहे: ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. शेकोटीतही काम करते ती धग आणि तिने ढवळलेली हवा. धुराची ‘चादर’ मात्र फारशी कामाची नाही. धुराचे कण या लहरींच्या मानाने फार बारीक असल्याने लहरी त्यांच्यातून निघून जातात.

मुद्दलावरचे हे व्याज पावसातही दिसते. तापमानवाढीने सगळा पाऊस सारख्या प्रमाणात वाढत नाही. जगभरातला एकूण पाऊस थोडाच वाढतो, पण ढगाच्या हाती दर अंशामागे ७ टक्के जास्त बाष्प असल्याने जोरदार सरी आणखी जोरदार होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्या. एकूण मोसमी पाऊस याच काळात तिथे घटला होता. अतिवृष्टीचे हे बाष्प प्रामुख्याने अरबी समुद्रावरून येते. नाले, पूल आणि धरणांचे सांडवे जुन्या नोंदींवर बेतलेले असतात. नव्याने आखताना जुन्या कमाल सरीवर थांबणे धोक्याचे आहे.