इन्स्टंट नूडल्स

मैद्याच्या लांब शेवया वाफवून, मग तळून किंवा गरम हवेत वाळवून केलेला टिकाऊ खाद्यपदार्थ. उकळत्या पाण्यात तो दोन ते पाच मिनिटांत खाण्याजोगा होतो. या नूडल्स घरी फारशा शिजत नाहीत, भिजतात. शिजवण्याचे काम कारखान्यातच उरकलेले असते. वेग, टिकाऊपणा आणि कमी किंमत हे तिन्ही गुण त्यातूनच येतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये अन्नटंचाई होती आणि अमेरिकेतून आलेला गहू मुख्यतः पावाकडे वळवला जात होता. आपले लोक शेवया खाणारे, मग हाच गहू त्यांच्या ओळखीच्या रूपात का देऊ नये, असा प्रश्न मोमोफुकू आंदो (१९१०–२००७) यांना पडला. तैवानमध्ये जन्मलेले आंदो ओसाकात व्यापार करीत. ते अध्यक्ष असलेली पतसंस्था बुडाली आणि त्यांची बहुतेक मालमत्ता गेली. मग ओसाकाजवळच्या इकेदा गावी घरामागच्या खोपटात त्यांनी प्रयोग सुरू केले. शेवया टिकवायच्या कशा आणि झटपट मऊ करायच्या कशा, या दोन्ही अडचणींवर त्यांना तळणे हा एकच तोडगा सापडला. २५ ऑगस्ट १९५८ रोजी ‘चिकन रामेन’ बाजारात आले. किंमत ३५ येन होती. ताज्या उदोन शेवया त्याच्या कितीतरी पट स्वस्त मिळत. म्हणजे आज गरिबाचे खाणे समजला जाणारा हा पदार्थ सुरुवातीला महागातला होता. तळलेल्या शेवया चीनमध्ये आधीपासून होत्या, आणि चवदार सुक्या शेवया विकण्याचा खटाटोप जपानमध्ये इतरांनीही केला होता. त्यामुळे आंदोंना ‘शोधक’ म्हणताना थोडा हात राखावा. मोठ्या प्रमाणावर दरवेळी तसाच माल काढणारी पद्धत बसवून ती बाजारात रुजवण्याचे श्रेय मात्र त्यांचेच.

कारखान्यात १०० किलो मैद्याला साधारण ३० ते ३५ लिटर पाणी, एक-दोन किलो मीठ आणि पाव किलोच्या आत क्षार (सोडियम व पोटॅशियम कार्बोनेट) घेतात. क्षारामुळे शेवईला पिवळसर छटा आणि चिवटपणा येतो. तो जास्त झाला तर साबणासारखी चव लागते. पोळीच्या कणकेच्या मानाने पाणी फारच कमी असल्याने मिश्रण गोळा न होता भरभरीत राहते. ते रुळांच्या जोड्यांमधून टप्प्याटप्प्याने लाटत सुमारे एक मिलिमीटर जाडीवर आणतात. घाईने एकदम पातळ केले तर पट्टी फाटते. दातेरी रूळ पट्टीच्या शेवया कापतात, आणि खालचा पट्टा रुळापेक्षा हळू सरकत असल्याने शेवया साचून नागमोडी होतात. ही नागमोड शोभेची नाही. सरळ शेवया एकमेकींना चिकटल्या असत्या. वळणांमुळे मधे वाफ, तेल आणि शेवटी पाणी शिरायला वाट राहते.

मग एक ते पाच मिनिटे वाफ देतात. स्टार्च पाणी पिऊन फुगतो, शेवई शिजते. इथे कसर राहिली तर ग्राहकाने कितीही उकळले तरी मधोमध कच्चट मैदा लागतो. पुढे एकेका वडीपुरते तुकडे साच्यात घालून १४० ते १६० अंश सेल्सिअसच्या तेलात, बहुधा पाम तेलात, एक-दोन मिनिटे बुडवतात. शेवईतले पाणी वाफ होऊन झपाट्याने बाहेर पडते, मागे असंख्य बारीक छिद्रे उरतात, ओलावा दोन ते पाच टक्क्यांवर येतो. घरी ओतलेले गरम पाणी याच छिद्रांतून आत शिरते. त्याची किंमत म्हणजे वडीच्या वजनात १५ ते २० टक्के तेल. गरम हवेवर वाळवलेल्या नूडल्समध्ये तेल नगण्य असते, पण वाळायला अर्धा तास किंवा जास्त लागतो, छिद्रे कमी पडतात, आणि त्या भिजायलाही जास्त वेळ घेतात. वडीवर मेणाचा थर असतो ही समजूत खोटी आहे. ती चकाकी तेलाची.

१९६६ मध्ये आंदो अमेरिकेत गेले असता तिथले खरेदीदार वडी मोडून कागदी कपात टाकत आणि काट्याने खात. त्यातून १८ सप्टेंबर १९७१ रोजी ‘कप नूडल’ आले. खरी अडचण कपाची होती. निमुळत्या कपात वडी टाकली की ती तिरकी बसे किंवा प्रवासात तुटे. तोडगा असा निघाला की वडी कपाच्या तळापेक्षा रुंद करून मध्येच अडकवायची, आणि कारखान्यात वडी कपात न टाकता कपच उलटा करून वडीवर बसवायचा. वडी वरून दाट, खालून विरळ असते, म्हणून तळाशी साठलेले गरम पाणी खालून वर भिजवत जाते. फेब्रुवारी १९७२ मध्ये जपानमधल्या आसामा-सान्सो या डोंगरातल्या विश्रामगृहातील ओलीसनाट्याच्या वेळी थंडीत पोलीस कप नूडल खाताना दूरचित्रवाणीवर देशभर दिसले, आणि मागणी वाढली.

चवीचा भार मसाल्याच्या पुडीवर असतो. मीठ, साखर, कांदा-लसणाची पूड, हळद-धणे यांबरोबर ग्लुटामेट (अजिनोमोटो म्हणून ओळखला जाणारा चववर्धक) असते. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा यांनी ते समुद्री शेवाळापासून वेगळे केले. टोमॅटोत आणि मुरलेल्या चीजमध्ये ते नैसर्गिकरीत्याच असते. त्याच्या नावाने जेवढा ओरडा होतो तेवढा मिठाच्या नावाने व्हायला हवा. रश्शाच्या काही जपानी कपांत पाच ग्रॅमच्या आसपास मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला पाच ग्रॅमच्या आत आहे. रस्सा भांड्यात सोडला की बरेचसे मीठ टळते.

शेवईला स्वतःची चव जवळजवळ नसल्याने प्रत्येक देशाने ती आपलीशी केली. दक्षिण कोरियात सामयांग कंपनीने १९६३ मध्ये जपानी तंत्र घेऊन सुरुवात केली. आज तिथे तिखटजाळ रामयोन (इन्स्टंट नूडल्सचे कोरियन नाव) हेच रोजचे. इंडोनेशियात रस्सा नसलेली ‘मी गोरेंग’ (परतलेल्या शेवया), नेपाळात कच्चीच चुरून खायची वाई वाई. भारतात मॅगी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आली आणि हळद-धण्याच्या मसाल्यामुळे चिनी न वाटता घरचीच वाटली. तिचे एक उत्पादनकेंद्र गोव्यात डिचोलीला आहे. २०१५ मध्ये शिशाचे प्रमाण आणि ‘ग्लुटामेट घातलेले नाही’ हे लेबल यांवरून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तिच्यावर बंदी घातली. नैसर्गिक न्याय (कंपनीला बाजू मांडू देणे) पाळला गेला नाही, तपासणीच्या प्रयोगशाळाही आवश्यक मान्यतेच्या नव्हत्या, असे म्हणत मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्टला ती रद्द केली व नव्याने चाचण्या घ्यायला सांगितले. त्यांत नमुने पास झाल्यावर नोव्हेंबरात माल परतला. जागतिक इन्स्टंट नूडल्स संघटनेच्या २०२३ च्या आकड्यांत चीन (हाँगकाँगसह) व इंडोनेशियानंतर भारत तिसरा आहे, सुमारे ८.७ अब्ज पुडे.

करताना ७० ग्रॅमच्या वडीला चहाचा दीड कप, म्हणजे २०० ते २१० मिलिलिटर पाणी पुरते. दोन वड्यांना पाणी दुप्पट घेऊ नये. पातेले तेच असेल तर वाफ तेवढीच जाते, म्हणून साधारण ३५० मिलिलिटर घ्यावे, नाहीतर पांचट होते. गाजर-मटार वडीबरोबर टाकले तर कच्चे राहतात, ते पाण्यात आधीच शिजवून घ्यावेत. गॅस बंद केल्यावरही नूडल्स पाणी पीतच राहतात, त्यामुळे रस्सा हवा त्यापेक्षा थोडा जास्त असतानाच उतरवावे. सकाळी डब्यात भरलेल्या नूडल्सचा दुपारी गोळा होतो तो याचमुळे. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळते. तिथे पुड्यावरची दोन मिनिटे धरून चालत नाही.

वड्या नासत नाहीत, पण खवट होतात. तेलाला हवा आणि उजेड लागू नये म्हणून वेष्टन अपारदर्शक, चंदेरी अस्तराचे असते. फोडलेला पुडा चिमटा लावून महिनाभर ठेवण्यात अर्थ नाही. डांबरगोळ्या, साबण किंवा उदबत्तीशेजारी तर मुळीच ठेवू नये. थर्माकोलच्या कपातून वास आरपार जातो आणि तेलकट वडी तो शोषून घेते. एकदा लागलेला वास उकळूनही जात नाही.